मडकं लावण्याआधी

ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या मुलखात पाऊस कधी येईल याचा नेम नसतो. तो आला की गवत उगवतं, गवताला बी धरतं आणि हिरव्या बजरीगरांचे, म्हणजे तिथल्या छोट्या पोपटांचे, थवे जुन्या झाडांच्या ढोल्या शोधून अंड्यांवर बसतात. बी संपलं की थवा पुढे सरकतो. पाऊस नाही, तर वीण नाही. पाणी, बी आणि ढोली ही तिन्ही एकदम समोर आली की लगेच पिल्लं काढून मोकळं व्हायचं, कारण पुढच्या वर्षी काय असेल सांगता येत नाही, असा या पक्ष्याच्या शरीराचा हिशोब आहे.

बेळगावात कुणाच्या गच्चीवर, निपाणीत कुणाच्या सोप्यात टांगलेल्या पिंजऱ्यात ही तिन्ही वर्षभर समोर असतात. वाटी रोज भरलेली, पाणी रोज ताजं, ढोलीच्या जागी मडकं कायम लटकलेलं. मादीचं शरीर समजतं की सुकाळ आहे आणि ती अंडी घालत राहते. पिल्लं उडायच्या आत दुसरी खेप, ती संपायच्या आत तिसरी. हाडांतलं कॅल्शियम संपतं, वजन उतरतं आणि एके दिवशी ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेली दिसते. वाटी आणि पाणी काढून घेता येत नाही. काढून घेता येतं ते मडकं. बजरीगरच्या विणीत पाळणाऱ्याच्या हातात लगाम असतो तो एवढाच. नर-मादी ओळखण्यापासून दाणा निवडण्यापर्यंत बाकी सगळं ते मडकं कधी लावायचं या निर्णयाची तयारी आहे.

आधी बाजारातला एक गोंधळ दूर करायला हवा. सीमाभागात, आणि खरं तर देशभर, दुकानात या पक्ष्याला लव्हबर्ड म्हणून विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, दणकट चोचीचे. त्यांच्या बहुतेक जातींत नर-मादी दिसण्यावरून ओळखता येत नाहीत, त्यामुळे खाली लिहिलेली नाकाची खूण त्यांना लावू नये. लांब शेपूट, पाठीवर लाटांसारख्या काळ्या रेघा आणि गळ्यावर काळे ठिपके असले की तो बजरीगर, म्हणजे बजी. साधा बजी ३० ते ४० ग्रॅमचा असतो. १८४० मध्ये जॉन गूल्ड या पक्षीशास्त्रज्ञाने जिवंत बजी इंग्लंडात नेले आणि तिथून हा पक्षी घराघरांत पसरला. आपला रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बजी परदेशी आहे आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालणाऱ्या साइट्स कराराच्या याद्यांतूनही तो वगळलेला आहे. पोपट आवडतो म्हणून रानातलं पिल्लू विकत घेणाऱ्याला हे आवर्जून सांगावं.

जंगलातला बजी फक्त हिरवा असतो, डोकं पिवळं. निळे, पांढरे, पिवळे, राखाडी, चट्टेरी हे सगळे रंग पिंजऱ्यातल्या विणीतून टिकवलेले. नर-मादी ओळखताना घोटाळा होतो तो याच रंगांमुळे.

चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती मऊ मांसल पट्टी असते. तिला सीअर म्हणतात. पाळणारे नुसतं नाक म्हणतात. हिरव्या किंवा निळ्या साध्या रंगाच्या मोठ्या बजीत काम सोपं. नराचं नाक गडद, तुकतुकीत निळं. मादीचं विणीला तयार असताना तपकिरी आणि खरखरीत, तयार नसताना फिकट पांढरट किंवा पांढुरकं निळसर. खरी फसवणूक होते ती याच फिकट निळ्याशी. विणीबाहेरची मादी पाहून नवशिका तिला नर समजतो. तेव्हा पक्षी उजेडात धरून नाकपुडीच्या भोकाभोवती बघावं. मादीच्या भोकांभोवती पांढरं कडं असतं, बाकीचं नाक कितीही निळसर असो. नराच्या नाकात असं कडं नसतं, रंग भोकाच्या काठापर्यंत सलग जातो.

पिल्लांत हीच खूण उलटी वाटते. चार-पाच आठवड्यांच्या नराचं नाक सलग गुलाबी-जांभळं असतं, मादीचं पांढरट फिकट निळं आणि भोकांभोवती पांढरं कडं. पिल्लू मादी निळसर आणि पिल्लू नर गुलाबी! मोठ्या पक्ष्यांचा नियम पिल्लांना लावला तर निकाल नेमका उलटा येतो. नाकाकडे बघण्याआधी म्हणूनच वय बघावं. पिल्लाच्या कपाळावर नाकापर्यंत काळ्या आडव्या रेघा असतात आणि डोळा पूर्ण काळा असतो. साधारण तीन-चार महिन्यांनी पहिली पीसगळ होते, कपाळ साफ होतं, आणि पुढच्या काही महिन्यांत काळ्या बुबुळाभोवती पांढरं वर्तुळ उमटतं. रेघा असतील तर पिल्लाचा नियम, डोळ्यात वर्तुळ असेल तर मोठ्याचा नियम. मधल्या वयात घाई करू नये, नाकाचा रंग त्या दिवसांत बदलत असतो आणि चट्ट्याचट्ट्यांनी दिसतो.

आता अपवाद. लाल डोळ्यांचे पिवळे लुटिनो आणि पांढरे अल्बिनो, रिसेसिव्ह पाइड म्हणजे पोटावर-पाठीवर अनियमित चट्टे असलेले, डार्क आइड क्लिअर म्हणजे काळ्या डोळ्यांचे एकरंगी पिवळे किंवा पांढरे, आणि फॅलो म्हणजे लाल डोळ्यांचे, तपकिरी रेघांचे, यांच्या नराचं नाक आयुष्यभर गुलाबी-जांभळंच राहतं, निळं होतच नाही. रिसेसिव्ह पाइड आणि डार्क आइड क्लिअर यांच्या डोळ्यात वर्तुळही येत नाही, म्हणजे वयाची एक खूणही गेली. लोकांना सर्वांत जास्त हवे असतात ते नेमके लुटिनो आणि अल्बिनो, आणि निळं नाक दिसत नाही म्हणून दोन नर 'मादी' म्हणून घरी येतात. या रंगांत ठेवायचा नियम असा: सलग गुलाबी-जांभळं तो नर, पांढरं कडं किंवा तपकिरी थर ती मादी.

वागण्याच्या खुणा मदतीला घ्याव्यात, पण निवाडा त्यांच्यावर सोडू नये. नर बडबड्या, मान वरखाली हलवतो, दांडीवर चोच आपटतो, आरशाशी गप्पा मारतो. मादी कमी बोलते, लाकूड कुरतडते, हातात धरली की कडकडून चावते. 'एकमेकांना भरवतात म्हणजे जोडी' हे दुकानातलं वाक्य मात्र विश्वास ठेवण्यासारखं नाही. दोन नर एकत्र ठेवले तरी ते एकमेकांना भरवतात, चोची घासतात, आणि मडकं महिनोन् महिने रिकामं राहतं. दोन माद्या एकत्र ठेवल्या तर मडक्यात आठ-दहा अंडी साठतात आणि एकातही जीव नसतो. मडक्यात नेहमीपेक्षा दुप्पट अंडी दिसली तर पहिला संशय हाच घ्यावा.

नाक पाहून निकाल लागत नसेल तर डीएनए तपासणी आहे. छातीची चार-पाच पिसं ताजी उपटून, मुळासकट कोरड्या पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवायची. गळून पडलेलं पीस चालत नाही, त्याच्या मुळाशी पेशी नसतात. पक्ष्यांत माणसाच्या उलटं असतं: नराची लिंग ठरवणारी गुणसूत्रं दोन्ही सारखी, झेड-झेड, मादीची वेगवेगळी, झेड-डब्ल्यू. या एका गोष्टीमुळे काही जोड्यांत पिल्लं घरट्यातच, रंगावरून ओळखता येतात. लुटिनो-अल्बिनोचा लाल डोळा, ओपालाइन आणि सिनॅमन हे रंगांचे गुण झेडवर बसलेले आहेत. लुटिनो नर आणि साधी हिरवी मादी लावली तर सगळ्या मुली लाल डोळ्यांच्या, सगळे मुलगे काळ्या डोळ्यांचे. मुलग्यांत तो गुण लपलेला. हीच जोडी उलटी केली, नर साधा आणि मादी लुटिनो, तर सगळी पिल्लं काळ्या डोळ्यांची निघतात आणि काहीच कळत नाही. मात्र हा साधा नर पोटात लुटिनोचा गुण लपवून नसेल तरच हा दुसरा हिशोब बरोबर येतो. पिल्लाचे डोळे मिटलेले असतानाच पापणीखालून काळा किंवा लालसर गोळा दिसतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मुलगा-मुलगी वेगळी लिहून ठेवता येते. कुठल्याही नाकापेक्षा मला ही खूण जास्त भरवशाची वाटते.

मोठ्या नराचं निळं नाक हळूहळू तपकिरी होऊ लागलं तर तो 'मादी निघाला' असं समजून हसण्यावारी नेऊ नये. वृषणाच्या गाठीत मादीचं संप्रेरक तयार होतं तेव्हा असं होतं. तो पक्षी आजारी आहे.

आता जोडी. मादी किमान दहा-बारा महिन्यांची हवी. सहा महिन्यांची मादी मडक्यात शिरते आणि अंडीही घालते, पण अंडं अडकण्याचा धोका या वयात मोठा असतो. चार-पाच वर्षांवरच्या मादीला मडकं देऊ नये. नराला वयाची एवढी अडचण नसते. बहीण-भाऊ लावू नयेत. एकाच दुकानातून, एकाच पिंजऱ्यातून उचललेली 'जोडी' बहुधा एकाच घरट्यातली असते, तेव्हा नर एकीकडून आणि मादी दुसरीकडून घ्यावी. नवीन पक्षी तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा. तयार मादीचं नाक तपकिरी, ती सतत काहीतरी कुरतडते. तयार नराचं नाक चकचकीत आणि तो दिवसभर गातो. दोघंही तयार असताना मडकं लावायचं. मादी तयार आणि नर पीसगळीत असेल तर अंडी येतील, पण ती रिकामी.

हंगाम सीमाभागात जागेप्रमाणे बदलतो, आणि याकडे फार थोडे जण लक्ष देतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, दाण्याला बुरशी धरते, मडक्यातला भुसा सुकत नाही. बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसात जातात आणि त्यावर औषध लागू पडणं अवघड. अथणी, रायबागकडे पावसाची एवढी अडचण नाही, पण एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या मडक्यात पिल्लं गुदमरतात आणि कोरड्या हवेत अंड्यातच मरतात. बेळगाव शहर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी या मधल्या पट्ट्यात दसऱ्यानंतर मडकं लावावं आणि महाशिवरात्रीच्या आसपास उतरवावं. एवढ्या काळात दोन खेपा निवांत होतात. पौष-माघातल्या पहाटेच्या गारठ्यात पिंजऱ्याला तीन बाजूंनी पोतं लावलं की पुरतं. चौथी बाजू हवेसाठी उघडीच ठेवावी. ज्या पक्ष्याला पाऊस म्हणजे विणीची हाक, त्याला आपल्या पावसाळ्यात मडकं देऊ नये, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण त्याच्या देशातला पाऊस दोन दिवस पडतो आणि ऊन निघतं. आपल्याकडचा चार महिने मुक्काम करतो.

पिंजरा एका जोडीला दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण बजी आडवा उडतो. जाळी अर्ध्या इंचाची. नवीन जस्ताची जाळी व्हिनेगरने घासून, धुऊन, वाळवून मगच वापरावी. जस्ताची पूड चोचीतून पोटात गेली की विषबाधा होते. दांडी पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांदीची, बोटभर जाडीची, आणि दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली. हलणाऱ्या दांडीवर नराचा तोल जातो, मीलन नीट होत नाही. रिकाम्या अंड्यांचं हे सर्वांत साधं कारण आहे, आणि लोक मात्र नराला औषधं पाजत बसतात.

मडक्याच्या बाबतीत या भागाचं नशीब चांगलं आहे. खानापूरची माती कुंभारकामाला आणि कौलांना नावाजलेली, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थाही तिथे आहे. कुंभाराला सांगून करून घेतलेलं गाडगं बाजारातल्या तयार मडक्यापेक्षा सरस. पोट सात-आठ इंच व्यासाचं, भोक बाजूला, पावणेदोन ते दोन इंचांचं, तळापासून किमान चार इंच वर. वरचं तोंड झाकणाचं करून घ्यावं, म्हणजे आत बघता येतं आणि साफ करता येतं. आतून-बाहेरून रंग नको, झिलई नको. दोन दिवस पाण्यात आणि दोन दिवस उन्हात ठेवून मग वापरायला घ्यावं. गोल तळ हा मडक्याचा मोठा गुण आहे: अंडी आपोआप मध्ये गोळा होतात, सगळ्यांना सारखी ऊब मिळते, आणि पिल्लांचे पाय फाकत नाहीत. लाकडी पेटी करायची तर दहा इंच लांब, सहा इंच रुंद, सात इंच उंच. भोक एका टोकाला आणि तळातला खोलगट खड्डा दुसऱ्या टोकाला, म्हणजे मादी आत उडी मारताना अंड्यांवर पडत नाही. खड्ड्याशिवायची सपाट पेटी कुणी फुकट दिली तरी घेऊ नये. तळाला सुताराच्या रंध्याच्या बारीक साली इंचभर. प्लायवूडच्या नकोत, आणि करवतीचा भुगा तर नकोच, तो पिल्लांच्या नाकातोंडात जातो. मादी बऱ्याचदा त्या उचलून बाहेर फेकते. थोड्या पुन्हा घालाव्यात.

दाण्याचा मुख्य भाग राळे. पक्ष्यांच्या दुकानात ते कांगणी म्हणून मिळतात, किराण्यात 'नवणे' मागितलं तर तेच मिळतात आणि बहुधा जास्त ताजे. निम्मे राळे, उरलेल्यात बाजरी, सावे आणि मिळालं तर कॅनरी सीड. एका पक्ष्याला दिवसाला साधारण दोन चमचे. दाणा जुना आहे का ते पाहण्यासाठी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. ऐंशीपेक्षा कमी मोडले तर तो दाणा विणीच्या जोडीला घालू नये. पेरणीसाठी आणलेलं बियाणं कधीही वापरू नये, त्याला औषध लावलेलं असतं. मडकं लावण्याच्या पंधरा दिवस आधी मोड आलेले राळे सुरू करावेत: रात्रभर भिजत, सकाळी दोन-तीनदा धुऊन, फडक्यात एक दिवस. आंबूस वास आला तर सगळे टाकून द्यावेत. एक अंडं बारा मिनिटं उकडून, कवचासकट बारीक करून, त्यात ज्वारीच्या भाकरीचा वाळका चुरा, किसलेलं गाजर आणि कोथिंबीर घातली की तीन-चार जोड्यांना एका वेळचं होतं. दोन तासांनी उरलेलं काढायचं. शेवग्याचा पाला उत्तम. पालक कमी, तो कॅल्शियम अडवतो. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, तो काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो आणि पक्ष्यांच्या दुकानापेक्षा स्वस्त पडतो. पण नुसता समुद्रफेस पुरत नाही. शरीरात कॅल्शियम मुरायला ड जीवनसत्त्व लागतं आणि त्याला कोवळं ऊन लागतं. काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही. अर्धा पिंजरा उन्हात आणि अर्धा सावलीत, रोज अर्धा तास.

मीलनानंतर आठ-दहा दिवसांत पहिलं अंडं येतं, पुढची दिवसाआड. चार ते सहा अंडी नेहमीची. मादी एकटी बसते, नर तिला भोकातून भरवतो. एका अंड्याला अठरा दिवस. बहुतेक माद्या पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसतात, म्हणजे पिल्लंही दिवसाआड निघतात, आणि पाचवं पिल्लू निघतं तेव्हा पहिलं आठ दिवसांचं दांडगं झालेलं असतं. शेवटचं पिल्लू मरतं ते अशक्त म्हणून नव्हे. मोठ्यांच्या उघड्या चोची आईच्या चोचीपाशी आधी पोचतात म्हणून. दोन-तीन जोड्यांना एकाच आठवड्यात मडकी लावली असतील तर यावर उपाय आहे: धाकटं पिल्लू उचलून त्याच्याच वयाची पिल्लं असलेल्या दुसऱ्या मडक्यात ठेवायचं. बजी परकं पिल्लू सहसा नाकारत नाही. विणीसाठी एकच जोडी ठेवण्यापेक्षा दोन ठेवाव्यात असं मला वाटतं, ते याचसाठी.

बसल्यापासून सातव्या दिवशी, मादी दाणा खायला बाहेर आली असताना, अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरावं. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. पिवळसर आणि साफ दिसलं तर रिकामं. रिकामी अंडी लगेच काढायची घाई नको. पहिली पिल्लं निघतात तेव्हा ती त्यांना टेकायला आणि ऊब धरून ठेवायला उपयोगी पडतात. अंडं पूर्ण भरलेलं असून पिल्लू आतच मेलं असेल तर हवा फार कोरडी होती किंवा मादी वारंवार उठत होती. पिंजऱ्यात आंघोळीची उथळ थाळी आणि ओली कोथिंबीर ठेवली की मादी ओलावा आपल्या पिसांतून आत नेते. अंड्यांवर पाणी शिंपडू नये.

अंडं अडकणं ही विणीतली खरी आणीबाणी. मादी तळाशी, पाय फाकून, पिसं फुगवून, शेपटी हलवत बसते. पोट खाली घट्ट सुजलेलं लागतं. तिला उचलून लहान खोक्यात ठेवावं, बाहेरून दिवा लावून आतलं तापमान ३० ते ३२ अंशांवर न्यावं, शेजारी गरम पाण्याची वाटी ठेवून हवा दमट करावी, पातळ कॅल्शियमचा थेंब चोचीच्या कडेला द्यावा. काही तासांत अंडं आलं नाही तर पशुवैद्य. पोट दाबून अंडं फोडणारे लोक सगळीकडे भेटतात. त्यांच्या हातात पक्षी देऊ नये. आत फुटलेल्या कवचाने मादी मरते. पशुवैद्यांकडे जाताना स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरचं तिचं आठवड्या-आठवड्याचं वजन लिहून न्यावं. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी बघणाऱ्या डॉक्टरांनाही त्या आकड्यांवरून औषधाचं प्रमाण ठरवायला मदत होते.

पिल्लू निघतं तेव्हा उघडं, आंधळं, गुलाबी. पहिले काही दिवस मादी त्याला पोटात तयार होणारा पांढरा पातळ रस भरवते, मग दळलेला दाणा. मडक्यात रोज एकदा बघावं आणि बघायचं ते एवढंच: गळ्याखालची पोटळी भरलेली आहे का. डोळे सहा ते दहा दिवसांत उघडतात. बंद रिंग, म्हणजे ओळखीसाठी पायात घालायची अखंड कडी, घालायची तर साधारण याच दिवसांत. नंतर ती पायातून जात नाही. दुसऱ्या आठवड्यापासून घाण झपाट्याने वाढते. दर तीन दिवसांनी साली बदलाव्यात, बोटांना चिकटून वाळलेली विष्ठा कोमट पाण्यात भिजवून सोडवावी. ओढून काढली तर नख निघून येतं. वरच्या चोचीच्या आत अन्न साचून कडक झालं की चोच खालच्या चोचीत अडकून वाकडी वाढते. बोथट काडीने ते हलकेच काढावं. पाय फाकलेलं पिल्लू दहा-बारा दिवसांच्या आत सापडलं तर दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर मऊ कागदी चिकटपट्टीने आठवडाभर जोडून ठेवल्यास सरळ होतं. त्यानंतर हाडं ऐकत नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही माद्या पिल्लांच्या डोक्या-पाठीची पिसं उपटतात. तिला पुढच्या खेपेची घाई झालेली असते आणि पिल्लं जागा अडवून बसलेली असतात. पिल्लं खाली तळावर उघड्या पेटीत ठेवावीत. नर त्यांना भरवत राहतो. पिल्लं २८ ते ३५ दिवसांत मडक्याबाहेर येतात, पण स्वतः दाणा सोलून खायला आणखी आठ-दहा दिवस लागतात. बाहेर आली म्हणून त्याच दिवशी वेगळी करू नयेत. दाणा सोलायचं नाटक करणारं पिल्लू उपाशी असू शकतं. पोटळी हाताला लागते का पाहून ठरवावं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात पंखांची आणि शेपटीची लांब पिसं गळून पिल्लू जमिनीवर पळत राहिलं, उडेना, तर तो फ्रेंच मोल्ट. त्यामागे बहुधा विषाणू असतो आणि त्यावर औषध नाही. त्या जोडीची वीण काही महिने बंद करावी आणि मडकी फोडून टाकावीत, कारण मातीच्या छिद्रांत शिरलेली घाण कुठल्याही औषधाने निघत नाही. पन्नास-शंभर रुपयांचं मडकं वाचवण्यासाठी पुढची दोन घरटी घालवू नयेत.

मोठ्या जाळीत अनेक जोड्या एकत्र ठेवणाऱ्यांनी नर-मादीचा हिशोब सर्वांत कडक ठेवायला हवा. जोडीविना राहिलेला जादा नर फार तर गोंगाट करतो. जोडीविना राहिलेली मादी दुसरीच्या मडक्यात शिरते, अंडी फोडते, पिल्लं मारते, आणि दोन माद्यांच्या मारामारीत रक्त निघतं. मडकी जोड्यांच्या दुप्पट आणि सगळी एकाच उंचीवर. उंच मडक्यासाठी भांडण ठरलेलं. चुकून नर समजून सोडलेली एक फिकट निळ्या नाकाची मादी आठवड्यात सगळी जाळी उद्ध्वस्त करू शकते. सगळ्या जोड्या एकाच दिवशी सोडाव्यात. मागून कुणाला आत घालू नये.

साफसफाई करताना तोंडावर फडकं बांधावं. पिसांचा कोंडा आणि वाळलेली विष्ठा वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर माणसाच्या फुप्फुसाचा आजार जडतो, आणि पोपटवर्गातल्या पक्ष्यांचा एक ताप माणसालाही लागतो.

दोन खेपा झाल्या की मडकी उतरवायची. तिसरीचा मोह होतो, कारण जोडी तयार दिसते. मात्र मादीचं वजन पहिल्या अंड्याआधीच्या वजनाला पोचलं नसेल तर ती तयार नाही. मडकं काढल्यावरही काही माद्या दाण्याच्या वाटीत अंडी घालू लागतात. तेव्हा मोड आणि अंड्याचं खाणं बंद करावं, पिंजरा संध्याकाळी लवकर झाकून दिवस दहा तासांचा करावा, आणि नर-माद्या वेगवेगळ्या पिंजऱ्यांत, शक्यतो एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठेवाव्यात. पुढच्या दसऱ्यापर्यंत तसंच.

एका जोडीची वर्षाकाठी आठ-दहा पिल्लं होतात. ती कुणाकडे जाणार हे मडकं लावण्याआधी ठरलेलं असावं, कारण पिंजऱ्यातला बजी आपल्या रानात सोडला तर कावळे आणि शिक्रे त्याला दोन दिवस जगू देत नाहीत. देताना पिल्लू किमान आठ आठवड्यांचं असावं, सोबत त्याच्या सवयीचा पावशेर दाणा, आणि एक चिठ्ठी: जन्मतारीख, आई-बापाचा रंग, रिंगचा आकडा, नर की मादी, आणि ते नाकावरून ठरवलं की डोळ्याच्या रंगावरून की डीएनएवरून. शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात. घेणाऱ्याला पुढे जोडी लावताना विचारायचं असतं ते नेमकं तेच.